समुद्र थंड आहे, पाच नंबरची खोली रिकामी आहे

या जुलैत आम्ही दोघं वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर सहा दिवस राहून आलो. गावाचं नाव लॅनडिडनो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हवापालटासाठी वसवलेलं आणि नंतर कुणी फारसा हात न लावलेलं असं हे गाव आहे. आम्ही राहतो त्या कतारमधल्या मराठी मंडळींनी गणपतीच्या स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन मागितलं, तेव्हा मी इमारती, जेवण आणि हवामान एवढंच लिहिलं होतं. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिला खर्डा वाचला आणि विचारलं, "हे तर ब्रोशर झालं. आपण गेलो कशाला ते कुठाय?" म्हणून तेही लिहिलं आहे. नंतर तिने दोन ठिकाणी खोडलं. ती ठिकाणं आता सापडणार नाहीत.

गेलो कशाला

सुनंदा दोह्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. ग्वेन तिथेच लहान मुलांना शिकवायची. मूळची वेल्सची, सुनंदापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, एकटी. चौदा वर्षं दोघींनी एका टेबलावर डबा खाल्ला. ग्वेनला थालीपीठ फार आवडायचं आणि तिचं काकडीचं सँडविच सुनंदाला कधीच आवडलं नाही, त्यामुळे देवाणघेवाण एकतर्फी होती. सुनंदा मला 'अहो' म्हणून हाक मारते, त्यामुळे पहिली दोन वर्षं ग्वेनला तेच माझं नाव वाटायचं. पुढे खरं कळलं, पण तोवर तिच्या तोंडात बसलं होतं. मी आजही मिस्टर अहो आहे.

हिवाळ्यात शुक्रवारी आम्ही तिघं कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमाल गावाच्या पुढे किनाऱ्यावर जायचो. ग्वेन लांबवर पोहायची. सुनंदा घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून तिचा टॉवेल धरायची. मी गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचो.

मग शाळेत गणित विभागप्रमुखाची जागा निघाली. सगळ्यांच्या मते ती सुनंदाचीच होती, सुनंदाच्या मते तर होतीच. जागा परदेशातून आलेल्या एका तरुण बाईंना मिळाली. महिन्याभराने ऑफिसातल्या कुणीतरी सुनंदाला सांगितलं की निर्णय घेण्याआधी ग्वेनचं मत विचारलं होतं आणि ते तुझ्या बाजूने नव्हतं. सुनंदाने ग्वेनला काहीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती डबा वर्गात बसून खाऊ लागली.

त्या वर्षाच्या शेवटी ग्वेन कायमची मायदेशी गेली. जायच्या आधी आमच्या गराफा भागातल्या घरी आली होती. हातात कोरफडीची कुंडी होती. सुनंदा वरून खाली आली नाही. मी दारात सांगितलं की ती आंघोळीला गेली आहे. ग्वेन म्हणाली, "हरकत नाही, थांबते." पाऊण तास बसली. एवढी लांब आंघोळ कुणी करत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग कुंडी ठेवून गेली.

त्यानंतर चार वर्षं काही नाही. या वर्षी एप्रिलमध्ये एक कार्ड आलं. त्यावर अर्धचंद्राकार किनारा आणि त्याच्या कडेने एका रांगेत उभ्या पांढऱ्या, पिवळसर, गुलाबी इमारती. मागे तीन वाक्यं. 'आईचं गेस्ट हाउस आता मी चालवते. समुद्र थंड आहे. जुलैत पाच नंबरची खोली रिकामी आहे.'

सुनंदाने कार्ड फ्रिजवर लावलं. पंधरा दिवसांनी म्हणाली, "तिकिटं बघा."

निघताना

विमानतळावर सोडायला लक्ष्मण आला होता. तो बीडकडचा, आमच्या कंपनीत ड्रायव्हर आहे, राहतो इंडस्ट्रियल एरियात. सकाळचे सात वाजले होते आणि बाहेर उभं राहवत नव्हतं.

"साहेब, कुठं निघालात?"

"वेल्सला. समुद्रकिनारी."

लक्ष्मणने उजवीकडे काचेतून बघितलं. तिथे समुद्र होता.

"मंग ह्याला काय झालंय?" त्याने विचारलं.

सुनंदा म्हणाली, "हा जुलैत गरम असतो, लक्ष्मण."

"आन् तिकडचा?"

"तिकडचा थंड आहे असं लिहून आलंय."

पोचलो

विमान आणि नंतरच्या दोन रेल्वेगाड्या यांत लिहिण्यासारखं काही नाही. शेवटची गाडी समुद्राला चिकटून जाते, ते छान आहे. स्टेशनवर उतरलो तेव्हा पंधरा अंश होते. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस आहे, तापमान आकड्यात सांगायची सवय आहे. एका दिवसात तीस अंशांचा फरक पडला की माणसाच्या शरीरात काय होतं ते मला त्या रात्री गुडघ्यात कळलं.

गाव कार्डावर होतं तसंच निघालं. ही पहिली आश्चर्याची गोष्ट, कारण आमच्याकडे कार्डावरचं काहीच तसं राहत नाही. दोह्यात दोन महिने सुट्टीवर जाऊन आलं की घरी जायचा रस्ता बदललेला असतो. जुना बाजारसुद्धा नव्याने बांधलेला आहे आणि चांगला बांधला आहे. इथे सगळी रांग दीडेकशे वर्षं समुद्राकडे तोंड करून उभी आहे, खिडक्या पुढे काढलेल्या, ओट्यावर लोखंडी कठडे. ओरडणारी पाटी नाही, लुकलुकणारा दिवा नाही. वरच्या मजल्यावर कुणी गॅलरी बंद करून खोली काढलेली नाही. नाशिकचा माणूस हे पाहून अस्वस्थ होतो.

ग्वेनचं गेस्ट हाउस मागच्या गल्लीत आहे. तिने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या आणि मला वाटलं की आता काहीतरी होणार.

"प्रवास कसा झाला?" ग्वेनने विचारलं.

"बरा झाला," सुनंदा म्हणाली.

"काल पाऊस होता."

"हो का."

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत होत होतं, पण इंग्रजीतही ते इतकंच होतं. पाच नंबरची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. आमच्या बॅगेत लोणचं, भाकरवडी आणि दोन किलो थालीपिठाची भाजणी होती. मी बॅग वर नेली आणि बसलो.

दुसरा दिवस: शेवाळ, सीगल आणि शेळ्या

सकाळी जिन्याखाली पितळी तास वाजला. ग्वेनच्या आईचा. तास वाजला की आठ पाहुणे आठ बाजूंनी खाली येतात, आपापल्या टेबलाशी बसतात आणि कुजबुजत बोलतात. टोस्ट गार व्हावा म्हणून तो उभा ठेवायचं एक खास चांदीचं स्टँड असतं. एका बशीत काळसर हिरवं काहीतरी होतं. ग्वेनने सांगितलं, समुद्रातलं शेवाळ आहे, तासन् तास शिजवतात. मी खाल्लं. चिंच-गूळ घालायला विसरलेलं अळूचं फदफदं डोळ्यांसमोर आणावं. सुनंदाने टोस्ट खाल्ला.

ग्वेनने मला गावाच्या नावाचा खरा उच्चार शिकवला. सुरुवातीला दोन 'एल' आहेत. मी म्हणालो, हा आमचा ळ असणार. ती म्हणाली, ळ नाही. जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. मी पाच-सहा वेळा केलं. समोर बसलेल्या सुनंदाने चष्मा पुसला.

दुपारी आम्ही तिघं किनाऱ्यावरच्या रुंद फरसबंदीवर फिरलो. तिथे थोड्या थोड्या अंतरावर काचेचे आडोसे आहेत, आत बाकं. लोक कोट घालून, थर्मास घेऊन त्यात बसतात आणि समुद्राकडे बघतात. दोघी पुढे गेल्या तेव्हा मी एका आजोबांशेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ओहोटी लागली."

मी मान डोलावली. आणखी बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "किंवा भरती असेल."

इतकं शांत संभाषण मी कंपनीच्या एकाही मीटिंगमध्ये केलेलं नाही.

मी खिशातून भाकरवडी काढली. एक सीगल पक्षी मागून आला, माझ्या बोटांतून ती घेऊन गेला आणि समोरच्या कठड्यावर बसून खाऊ लागला. त्याला तिखट लागलं नाही. ग्वेन लांबून हात हलवत धावत आली. "यल्ला! यल्ला! खलास!" ती सीगलवर अरबीत ओरडली, म्हणजे चल, बास. बाकावरचे आजोबा तिच्याकडे बघायला लागले. मी हसलो, ग्वेन हसली, सुनंदाच्या तोंडाचा कोपरा हलला आणि जागेवर गेला.

गावाच्या एका टोकाला ग्रेट ऑर्म नावाची टेकडी समुद्रात घुसलेली आहे. तिच्यावर लांब केसांच्या, मोठ्या शिंगांच्या शेळ्या हिंडतात. या मूळच्या काश्मीरच्या वंशाच्या, राणीच्या काळापासून इथे आहेत, असं सांगतात. कधी कधी त्या गावात उतरतात आणि लोकांच्या बागा खातात. बावीस वर्षं कतारमध्ये राहून मी अजूनही मुदत संपायच्या आत तिथे राहायचा परवाना नव्याने काढतो. मी एका शेळीकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो. तिने लक्ष दिलं नाही.

टेकडीवरून सगळा अर्धचंद्र दिसत होता. ग्वेन म्हणाली, "दोह्यात असताना मला हे रोज आठवायचं. आता इथे आल्यावर शमालचा किनारा आठवतो."

सुनंदा म्हणाली, "वारा फार आहे. खाली जाऊ या."

तिसरा दिवस: पाऊस

दिवसभर पाऊस पडला. आम्ही तिघं दिवाणखान्यात बसलो. भिंतीवर राणीचं चित्र होतं आणि तिचा चेहरा आमच्या तिघांसारखाच होता. ग्वेनने विणकाम केलं. सुनंदाने जुनी मासिकं चाळली. मी भिंतीवरच्या वायुभारमापकाला बोटाने टिचकी मारली, काटा हलला, त्यावर अर्धा तास गेला.

चहाच्या वेळी ग्वेन स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी हळूच म्हणालो, "एवढे तीस अंश खाली आलो आपण. विचारणार आहेस की नाही?"

"विचारेन," सुनंदा म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही घाई करू नका. आणि तिच्यासमोर मला समजावू नका."

ग्वेन ट्रे घेऊन आली आणि बसता बसता म्हणाली, "मी रोज सकाळी सातला समुद्रात जाते. मिस्टर अहो, तुम्ही येणार का?"

मी म्हणालो, मला सर्दी आहे. ती मला तेव्हाच झाली.

"मी येते," सुनंदा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. आखातात तिने बावीस वर्षं काढली आहेत आणि त्यात तिचा गुडघा कधी समुद्राला लागलेला नाही. तिला पोहता येत नाही.

"पाणी गार आहे," ग्वेन म्हणाली.

"तू लिहिलं होतंस," सुनंदा म्हणाली.

चौथा दिवस: सकाळी सात

पाऊस थांबला होता. तिथे वाळू कमी आणि गोटे जास्त, त्यावर चालणं म्हणजे बटाट्यांच्या ढिगावर चालणं. सुनंदाने जुना पंजाबी ड्रेस घातला होता, पायात ग्वेनने दिलेले रबरी बूट. ग्वेनच्या डोक्यावर पांढरी टोपी. तिने दोरीला बांधलेलं थर्मामीटर पाण्यात सोडलं. पंधरा. ते शेवटचं कधी तपासलं होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते आईचं आहे.

माझ्याकडे दोन टॉवेल, दोन जोड सपाता आणि चहाचा थर्मास देण्यात आला.

दोघी आत गेल्या. सुनंदा पहिल्या लाटेला जे ओरडली ते मराठीत होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. पण ती थांबली नाही. कंबरेपर्यंत, मग छातीपर्यंत. ग्वेन तिच्या समोर तोंड करून उभी राहिली. आणि मग सुनंदा बोलायला लागली.

मला एकही शब्द ऐकू आला नाही. चार वर्षं ज्या बोलण्याची मी वाट पाहत होतो ते माझ्यापासून तीस-चाळीस फुटांवर पाण्यात चाललं होतं आणि मी टॉवेल धरून उभा होतो. दिसलं तेवढं सांगतो. सुनंदाचं उजवं बोट पाण्यावर आलं. वर्गात गणित चुकलेल्या मुलासमोर येतं ते बोट. ग्वेनने काहीतरी सांगितलं. सुनंदाने मान हलवली, बोट पुन्हा वर आलं. ग्वेनने पुन्हा सांगितलं, या वेळी जास्त वेळ. पांढरी टोपी हळूहळू खाली झुकली.

तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि सुनंदा दिसेनाशी झाली.

मी पाण्याकडे पळालो. बूट, पँट, दोन्ही टॉवेल यांच्यासकट. पाणी मांडीला लागलं तेव्हा श्वास अडकला आणि मला एवढंच कळत होतं की तिला पोहता येत नाही, आणि मला तरी कुठे येतं. ग्वेनने एका हाताने सुनंदाचा कुर्ता मानेशी पकडला होता, दुसरा हात काखेत घातला होता. तिने तिला उभं केलं. सुनंदाच्या नाकातोंडातून पाणी आलं. ती खोकली, खोकत राहिली. ग्वेन तिच्या पाठीवर थापट्या मारत होती आणि सारखं म्हणत होती, "आय हॅव गॉट यू, आय हॅव गॉट यू."

सुनंदाने केस डोळ्यांवरून मागे केले. ग्वेनचा हात तिने झटकला नाही. पण म्हणाली, "माझं बोलून झालेलं नाही."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अहो, तुम्ही इथे काय करताय? टॉवेल भिजवलेत ना दोन्ही? जा बाहेर."

मी बाहेर गेलो. त्या आणखी दहा मिनिटं आत होत्या. ग्वेनने तिचा दंड शेवटपर्यंत धरून ठेवला होता. बाहेर आल्या तेव्हा सुनंदाचे ओठ निळे पडले होते आणि ग्वेनचे डोळे लाल होते. समुद्राच्या पाण्याने होतात तसे. कोरडा टॉवेल नव्हता. मी दोघींना चहा दिला. गोट्यांवरून चढताना सुनंदाने ग्वेनच्या खांद्याचा आधार घेतला, पण गोट्यांवरून कुणीही कुणाचाही आधार घेईल.

त्या दिवशी सकाळी पितळी तास वीस मिनिटं उशिरा वाजला. दुपारी मी खाली आलो तर स्वयंपाकघरातून वास येत होता. चार दिवस बॅगेत बांधून पडलेली भाजणी सुनंदाने उघडली होती. ती परातीत पीठ मळत होती आणि ग्वेन तिच्या शेजारी उभी राहून कांदा चिरत होती, फार जाड.

"बारीक," सुनंदा म्हणाली.

"हा बारीकच आहे."

"हा बारीक नाही, ग्वेन."

ग्वेनने पुन्हा चिरायला घेतला.

पाचवा आणि सहावा दिवस

हे दोन दिवस ठीक गेले. आम्ही समुद्रात आत गेलेल्या लांब लाकडी धक्क्यावर चालत टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. दोघी आता बोलत होत्या, पण पूर्वीसारख्या नाही. पूर्वी दोघी एकाच वेळी बोलायच्या. आता एक बोलून झाली की दुसरी थोडं थांबायची. मी एकदा दोन 'एल'चा उच्चार बरोबर केला, असं ग्वेन म्हणाली. पुन्हा जमला नाही.

निघताना ग्वेन स्टेशनवर आली. गाडीचं दार लागायच्या आधी सुनंदा तिला काहीतरी म्हणाली. मी बॅग चढवत होतो.

परतीची गाडी

खिडकीतून समुद्र दिसेनासा झाल्यावर सुनंदाने आपण होऊन सांगितलं.

"मी तिला विचारलं, नेमके शब्द काय होते. ती आधी म्हणाली, आठवत नाही. मी म्हटलं, आठव. मग तिने सांगितलं. 'शी इज अ गुड टीचर, बट नॉट अ फेस फॉर द पेरेंट्स.'"

मी ते वाक्य मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं. पालकांसमोर उभा करण्याजोगा चेहरा नव्हे. मराठीतही ते काही सुधारत नव्हतं.

"म्हणजे खरंच म्हणाली होती," मी म्हणालो. मला चार वर्षं वाटत होतं की ऑफिसातल्या माणसाने तिखटमीठ लावलं असेल. बहुतेक भांडणांत शेवटी गैरसमज निघतो.

"खरंच म्हणाली होती. तिचंही कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात वाढवायचं होतं. त्यांना काय ऐकायचंय ते तिला माहीत होतं, म्हणून ते म्हणाली. मी त्या जागेला लायक आहे हे तुला माहीत होतं का, असं विचारलं. म्हणाली, चौदा वर्षं माहीत होतं. मग तिचं कॉन्ट्रॅक्ट तरी कुठे वाढवलं त्यांनी."

"हे सगळं लाटेच्या आधी की नंतर?"

"कॉन्ट्रॅक्टचं नंतर."

थोडा वेळ आम्ही बाहेरच्या मेंढ्या बघितल्या.

"त्या दिवशी पाऊण तास बसली होती ना खाली," सुनंदा म्हणाली, "तेव्हा हेच सांगायला आली होती. मी वर कॉटवर बसून होते. घड्याळाकडे बघत."

"मग आता माफ केलंस तिला?"

"नाही."

ती काचेतून बाहेर बघत होती.

"एवढं सहा दिवसांत होतं होय? तिला तसं सांगितलं मी गाडीत चढताना. म्हटलं, अजून झालेलं नाही, तर जानेवारीत तू ये. तीन आठवड्यांसाठी."

"तीन आठवडे पुरतील?"

सुनंदाने विचार केला. गणिताची बाई आहे, उत्तर अंदाजे देत नाही.

"नाही पुरले तर जुलैत आपण जाऊ."